अक्काने दोरे लावायला घेतले

चैत्र सरत आला की जळगावच्या पिंप्राळ्यातल्या बायकांच्या हातात ब्लाउजपीस दिसायला लागतात. ऊन चढायच्या आत, नाहीतर मग संध्याकाळी रस्ते जरा निवल्यावर, स्कूटीच्या हँडलला पिशवी अडकवून त्या मॅचिंग सेंटरकडे निघतात. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली असते. कुणाला माहेरी जायचं असतं, कुणाच्या घरी लेकी यायच्या असतात, कुणाकडे लग्न असतं. दुकानाच्या काउंटरवर साडीचा पदर पसरून दोन बायका एकाच रंगावरून वाद घालत असतात, आणि दुकानदार घाम पुसत रिळांची खोकी खाली-वर करत असतो.

या वर्षी आखाजीच्या आधी शेजारच्या वहिनी एका दुपारी दारात उभ्या राहिल्या. हातात साडीचं टोक धरलेलं.

"फॉल लावायचा होता हो. या रंगाचा दोरा असेल का तुमच्याकडे? या उन्हात दुकानापर्यंत जाववत नाही."

मी आत गेले. कपाटाच्या खालच्या खणातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. हिरव्यांच्या रांगेत पोपटी संपून मोरपंखी जिथे सुरू होतो तिथे बोट ठेवलं. रीळ हातात आलं. त्याच्या डोक्यावर त्याच रंगाची भरलेली बॉबिन. बाहेर येऊन साडीला लावून पाहिलं तर रंगात रंग बुडाला.

"अगं बाई, काय सुंदर लावून ठेवलंय!" वहिनी म्हणाल्या. "मला तर वेळेला सुई सापडत नाही."

मी हसले. त्या गेल्यावर डबा मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिले. दोरा इतक्या चटकन मिळाला, याचंच वाईट वाटत होतं.

हे दोरे माझे नाहीत. मला शिवता येत नाही. मी शाळेत मास्तरीण, माझा संबंध खडूशी आणि पेपरांच्या गठ्ठ्यांशी. दोरे माझ्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे. आणि अक्काकडे कधीही, कुठलाही दोरा असा रांगेत उभा नसायचा.

आम्ही दोघी पहूरच्या. अक्का लग्न होऊन पारोळ्याला गेली, मी जळगावला आले. किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन, आणि मशीनच्या पायाशी खताची एक धुतलेली गोणी. त्या गोणीत सगळं. रिळं, अर्ध्या भरलेल्या बॉबिनी, लेसचे तुकडे, हुकांची पाकिटं, मोडक्या खडूच्या वड्या, कुणाच्या तरी ब्लाउजची उरलेली बाही. एक दोरा ओढला की पाच दोरे वर यायचे, आणि त्यांना लोंबकळत दोन बॉबिनी. आमची आई होती तेव्हा दर वेळी म्हणायची, "शिवते एवढं छान, आणि हा काय उकिरडा मांडलाय?" अक्का खो-खो हसायची. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, गोणीकडे न बघता आत हात घालायची आणि नेमकं हवं ते रीळ वर काढायची. दोन-चार झटके द्यायचे, बाकीचे दोरे तोडून टाकायचे, की झालं काम सुरू.

गल्लीतल्या, आसपासच्या खेड्यांतल्या बायका तिच्याकडे यायच्या. काम वेळेवर मिळेलच याची खात्री नसायची, पण अंगावर बसेल याची असायची. शिवता शिवता ती सगळ्यांचं ऐकायची. पारोळ्यात राहून तिची बोलीही त्या बायकांसारखी झाली होती. पहूरला आली की तिच्या तोंडून 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं' निघायचं आणि मी तिला चिडवायचे.

तिला मूलबाळ नव्हतं. दाजी, म्हणजे तिचे यजमान, मार्केट यार्डात मापाडी. दिवसभर धान्याच्या धुळीत उभं राहून आलेला हा माणूस संध्याकाळी मशीनसमोरच्या ओट्यावर बसून तिची बडबड ऐकायचा. स्वतः फारसा बोलायचा नाही. दोघांचं बरं चाललं होतं.

मागच्याच्या मागच्या दिवाळीआधी तिच्या छातीतली गाठ निघाली. ऑपरेशन झालं. मग जळगावला येऊन किमो घ्यायचे ठरले. दर वेळी पारोळ्याहून एसटीने हेलपाटे घालणं तिला झेपेना, म्हणून फाल्गुनात मी तिला घरीच घेऊन आले. आई-बाबा गेल्यापासून पहूरचं घर बंदच आहे. दारातून आत येताना ती म्हणाली, "आता तूच माझं माहेर, सुमे." मी तिची पिशवी घेऊन आत गेले, कारण मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

उजवा हात सुजला होता. ऑपरेशननंतर असं होतं, मशीन चालवू नका, डॉक्टर म्हणाले होते. त्यापेक्षा वाईट होतं ते बोटांचं. औषधांनी तिच्या बोटांच्या टोकांची जाण गेली होती. आधी मुंग्या यायच्या, मग तेही बंद झालं. गरम कप हातात घेतला तरी तिला उशिरा कळायचं.

एकदा माझ्या यजमानांच्या शर्टाचं बटण तुटलं. मी सुईदोरा शोधत होते, तर ती म्हणाली, "आण इकडे, एवढं तरी करू दे." मी दोरा ओवून सुई तिच्या हातात दिली. तिने शर्ट मांडीवर घेतला, बटण जागेवर धरलं आणि टाका घालायला चिमूट पुढे नेली. सुई केव्हाच निसटून फरशीवर पडली होती. तिला पत्ता नव्हता. रिकामी चिमूट कापडावर टेकवून ती ओढत होती. मग थांबली. बोटांकडे बघितलं. मी खाली वाकून सुई उचलली, तोवर तिने शर्टाची घडी घातली होती.

"तूच लाव," ती म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी दाजी भेटायला येणार होते. तिने फोन करून सांगितलं, "येताना माझी गोणी घेऊन या. डब्यातली, खणातली रिळंपण. कपाटात बायकांच्या पिशव्या शे ना, त्यापण बठ्ठ्या आणा."

दाजी भर उन्हात स्टँडवरून रिक्षाने आले. गोणी हॉलच्या मध्यभागी ठेवून टॉवेलने तोंड पुसत उभे राहिले.

"हाई बठ्ठं कसाले लागस तुले?" त्यांनी विचारलं. कशाला हवंय हे सगळं तुला?

"बसून बसून कंटाळा येतो," अक्का म्हणाली.

माझी शाळा सकाळची होती. वार्षिक परीक्षा चालू होत्या. दुपारी पेपरांचा गठ्ठा घेऊन घरी यायचे तेव्हा बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. जळगावचं ते ऊन मी कुणाला नव्याने काय सांगू! खिडक्यांना ओले पडदे, कूलर घुमतोय, आणि हॉलमध्ये चटईवर अक्का बसलेली. डोक्याला सुती रुमाल, कारण केस गेले होते. आजूबाजूला दोऱ्यांचा समुद्र. कूलरच्या वाऱ्याने सुटी टोकं हलायची, एकमेकांत जायची. ती कूलरकडे पाठ करून, वाऱ्याला आडवी बसून गुंता सोडवायची. बोटांना कळत नसल्यामुळे डोळ्यांनी सोडवायची. दोरा कुठून कुठे जातो ते वाकून वाकून बघायची, मग दोन बोटांनी धरून बघायची, खरंच धरलाय का. एका गुंत्याला अख्खी दुपार जायची. मी म्हणायचे, "काप की सरळ. पूर्वी तोडूनच टाकायचीस ना?" ती मान हलवायची.

मी घरातले रिकामे डबे काढून दिले. बिस्किटांचे, मिठाईचे, माझ्या मुलीच्या जुन्या रंगपेटीचा. रंग लावायची तिची स्वतःची रीत होती. पिवळ्यांत आधी कापसाच्या सकाळच्या फुलाचा फिकट पिवळा, मग पिकल्या केळीचा, मग हळदीचा. हिरव्यांत आमच्याकडच्या हिरव्या भरताच्या वांग्याचा पोपटी पहिला, मग केळीच्या कोवळ्या पानाचा, मग जुन्या पानाचा, मग मोरपंखी. लाल, राणी, डाळिंबी यांच्यात तिला स्वतःलाच शंका यायची. मग ती रिळं घेऊन खिडकीपाशी जायची, पडदा जरासा सारून उन्हात धरायची. "घरात एक दिसतो, उन्हात दुसरा दिसतो. लग्नात बाई उन्हात उभी असते," असं म्हणून परत येऊन बसायची.

बॉबिनी सगळ्यांत त्रासाच्या. गोल, गुळगुळीत, तिच्या हातातून सारख्या निसटायच्या आणि घरंगळत सोफ्याखाली जायच्या. त्यांचा दोरा सुटायचा. त्यावर तिने उपाय काढला. किमोच्या वॉर्डात एक सिस्टर होती, तिच्याकडून मुदत उलटलेल्या सलाइनची न उघडलेली नळी मागून आणली. नळीचे लहान तुकडे केले. रिळाच्या भोकातून नळी घालायची, वर त्याच रंगाची बॉबिन ओवायची आणि दोन्ही टोकांना गाठ मारायची. गाठी मी मारायचे. रीळ आणि त्याची बॉबिन मग कधी वेगळी होत नसत. ज्या रंगांच्या बॉबिनी रिकाम्या होत्या, त्या मी पेन्सिलीला लावून हाताने भरल्या. माझ्याकडे लग्नातलं मशीन आहे, त्यावर वर्षानुवर्षं लँडलाइन फोन आणि आता फुलदाणी. ते उघडायचं मला सुचलंही नाही.

सुरुवातीला मला बरं वाटलं. तिचं मन रमतंय असं मी सगळ्यांना फोनवर सांगत होते. मग एका दुपारी पेपर तपासता तपासता मी मान वर केली. डबे ओळीने भिंतीला लावलेले होते. गोणीचा तळ दिसायला लागला होता. अक्का फडक्याने एकेका डब्याचं झाकण पुसत होती. अक्का आवरत होती. जिने आयुष्यात कधी काही आवरलं नाही, आईची बोलणी खाऊनसुद्धा आवरलं नाही, ती आता आवरत होती. आजार आता हटणार नाही, हे डॉक्टरांनी तिला सांगितलं नव्हतं. आम्हीही नाही.

मी उठून तिच्याजवळ गेले.

"अक्का, पुरे आता. राहू दे ना थोडा पसारा."

"का गं?"

"पसाराच बरा दिसतो तुझा."

तिने झाकण लावलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पसारा मला सापडायचा, सुमे. तुम्हांला कसा सापडेल?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

आखाजीच्या आधीच्या आठवड्यात तिने बायकांच्या पिशव्या काढल्या. आजारी पडण्यापूर्वी शिवायला आलेली, राहून गेलेली कापडं. प्रत्येक पिशवीत ब्लाउजपीस, अस्तर, मापाचं जुनं ब्लाउज. एकेक कापड पसरून तिने डब्यांतून त्याच्या रंगाची जोडी शोधली, रीळ आणि बॉबिन, आणि कापडाच्या घडीत ठेवली. पिशवीला गाठ मारली.

"हे काय?"

"ज्याचं त्याला देऊन ये. लग्नं आली, आखाजी आली, बायका किती थांबतील? दुसरीकडे शिवतील. निदान दोरा तरी नीट लागू दे. घाईत कोणताही लावून देतात लोक."

"तू बरी झालीस की शिव ना तू."

तिने पुढची पिशवी ओढली. मी पुन्हा म्हटलं नाही.

परीक्षा संपल्या होत्या. मी दोन मोठ्या पिशव्या घेऊन सकाळच्या एसटीने पारोळ्याला गेले. दाजी स्टँडवर आले होते. आम्ही दोघं दारोदार फिरलो. दाजी दारात उभे राहून नाव सांगायचे आणि मी पिशवी पुढे करायचे. बायकांना आधी कळायचंच नाही. "शिवून झालं?" असं आनंदाने विचारत त्या पिशवी उघडायच्या, आणि आत कोरं कापड बघून त्यांचा चेहरा उतरायचा. कुणी पाणी दिलं, कुणी सरबत. एका म्हाताऱ्या आजीने रीळ-बॉबिनीची जोडी हातात घेऊन बराच वेळ फिरवली. "तिनी इतकं नीट कधी ठेवलं नव्हतं," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. तिलाही कळलं होतं.

शेवटची पिशवी रत्नाबाईची होती. गावाबाहेरच्या वस्तीत तिचं घर. शेतात मजुरीला जाणारी, माझ्याच वयाची बाई. लहानपणी बैलगाडीवरून पडून तिच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं, ते वाकडंच जुळलं. खांदा खाली उतरलेला. रत्नाबाई बाहेर कुठे निघाली की तिथे पदर ओढून घ्यायची. तिचं ब्लाउज अक्का वेगळ्या रीतीने बेतायची. त्या बाजूला आतून अस्तराच्या दोन-तीन घड्या घालायची, गळा जरा सरकवायची, मग दोन्ही खांदे सारखे दिसायचे. लग्नाच्या वेळेपासून रत्नाबाईचं एकही ब्लाउज दुसऱ्या कुणी शिवलेलं नव्हतं.

मी पिशवी पुढे केली. अक्काचा निरोप सांगितला. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पिशवी घेतली नाही.

"हाई माले नको."

"ताई, अक्काच्याने आता नाही होणार. हात चालत नाही तिचा."

"मन्हा खांदा मी आखो कोणले दाखाडू?" ती म्हणाली. माझा खांदा मी आणखी कुणाला दाखवू? मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, "तिले सांगजो, माले घाई नही शे. मी थांबसू."

ती पिशवी मी परत घेऊन आले. एसटीच्या खिडकीतून झळा येत होत्या. एरंडोलपर्यंत मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. निरोप सांगावा की नाही, मला कळत नव्हतं. घरी आल्यावर सांगितला.

"येडी शे ती," अक्का म्हणाली. हसली. मग तिने पिशवी उशाशी ठेवून घेतली.

आखाजीला मी पुरण घातलं, आमरस केला. खापरावरचे मांडे मला येत नाहीत, ते समोरच्या काकूंनी पाठवले. अक्काला चव लागत नव्हती, तरी रसात बुडवून दोन घास खाल्ले. कॉलनीतल्या मुलींनी मोकळ्या प्लॉटमधल्या निंबाला झोका बांधला होता. संध्याकाळी मी तिला धरून गॅलरीत आणलं. माहेरवाशिणी हसत होत्या, गाणी म्हणत होत्या. अक्काचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

दोन दिवसांनी रत्नाबाईच जळगावला आली. हातात एक मोठं डांगर, म्हणजे खरबूज, फडक्यात बांधून आणलेलं. पत्ता तिने दाजींकडून घेतला होता. चपला बाहेर काढून ती आत आली, रुमाल बांधलेल्या अक्काकडे बघितलं आणि तिच्याजवळ चटईवर बसली. दोघी बराच वेळ डांगराबद्दल, पाण्याबद्दल, वस्तीतल्या कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलल्या. मग अक्का मला म्हणाली, "सुमे, तुझं मशीन उघड."

मी फुलदाणी उचलली. मशीन वर काढलं, तेल घातलं. अक्काने फरशीवर कापड पसरलं. माप घेतलं नाही. ते तिला पाठ होतं. खडूने रेषा मारल्या, त्या थरथरत गेल्या, तिने त्या पुसून पुन्हा मारल्या. कात्री डाव्या हातात धरली, उजव्या हाताने कापडाला आधार दिला. कापताना ती बोटांकडे एकटक बघत होती. कात्री कापडाच्या बाहेर जातेय का, बोटावर येतेय का, हे तिला बघितल्याशिवाय कळत नव्हतं. रत्नाबाईने सुई ओवली. मी बॉबिन केसमध्ये बसवली, दोनदा उलटी बसवली. मग अक्का मशीनवर बसली.

उजवा खांदा तिने आधी घेतला. घड्या घातल्या, टाचण्या लावल्या, हळूहळू पायाने मशीन फिरवलं. शिवण वाकडी गेली. तिने उसवली. पुन्हा घातली, पुन्हा उसवली. घाम तिच्या रुमालातून खाली येत होता. कूलर आम्ही बंद केला होता, कापड उडतं म्हणून. तिसऱ्यांदा शिवण जमली. तिने खांदा उलटा करून पाहिला, रत्नाबाईच्या अंगावर लावून पाहिला. नीट बसत होता.

डाव्या खांद्याला हात घातला तेव्हा बोटं सुईखाली गेली. लागलं नाही, पण लागलं असतं तरी तिला कळलं नसतं. तिने मशीन थांबवलं. हात मांडीवर ठेवले. आणि इतक्या महिन्यांत आमच्यापैकी कुणी जे बोललं नव्हतं ते ती रत्नाबाईला म्हणाली.

"रत्ना, मी काही आता उठत नाही यातून. तू थांबू नको."

रत्नाबाईने मान खाली घातली होती. मग तिने पुढे होऊन मशीनच्या सुईखालून कापड सोडवलं, अर्धवट ब्लाउजची घडी केली, बाकीचे कापलेले तुकडे त्यात ठेवले, रीळ आणि बॉबिन ठेवली.

"मंग तसंच दे," ती म्हणाली. आणि अक्काच्या सुजलेल्या हातावर हात ठेवून बसून राहिली. अक्का पहिल्यांदा मोठ्याने रडली. मीही रडले. कुणी कुणाला गप्प केलं नाही.

त्यानंतर घरात एक मोकळेपणा आला. दुःखाचाच, पण मोकळेपणा. अक्का आता सरळ बोलायची. दाजींना पोळ्या लाटायला कोण ठेवायचं, मशीन कुणाला द्यायचं. दोरे माझ्याकडे ठेवायचे म्हणाली. "तुझ्याकडे नीट राहतील. कुणी मागितलं तर द्यायचे, जपून ठेवायचे नाहीत." आणि दुपारी ती माझी परीक्षा घ्यायची.

"अबोली कुठे?"

"दुसऱ्या डब्यात, गुलाबीच्या आधी."

"राखाडी?"

"काळ्याच्या डब्यात, मागे."

मी बरोबर उत्तरं दिली की ती समाधानाने डोळे मिटायची. तिचं ते समाधान मला सहन होत नव्हतं. ज्येष्ठाच्या शेवटी एकदा तिने विचारलं, "मोरपंखी?" मी म्हटलं, "निळ्याच्या डब्यात." मुद्दाम. मनात आलं, मला अजून येत नाही म्हटल्यावर ही थांबेल. अजून थोडे दिवस शिकवत बसेल.

अक्काने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. "सुमे," ती म्हणाली, "तुला येतंय."

आषाढात ती गेली. दवाखान्यात, दुपारची. बाहेर पेरण्या झाल्या होत्या, दाजी शेजारी बसले होते. तिला पारोळ्याला नेलं.

म्हणून या वर्षीची आखाजी मी पारोळ्याला करायचं ठरवलं. त्या दिवशी घरच्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, त्यावर डांगर आणि रव्याच्या गोड सारणाची सांजोरी ठेवतात. दाजींच्या घरी तिच्या गेलेल्या सासू-सासऱ्यांच्या घागरींबरोबर पहिल्यांदाच अक्काची घागर भरायची होती, आणि दाजी एकटे. आदल्या दिवशी मी पोचले. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो, तर रत्नाबाई आली. अंगात ते ब्लाउज होतं. मी ओळखलं.

"कुणाकडून शिवून घेतलं?"

"कोणकडूनच नही. मी हातनी शिवं." तिने पदर थोडा बाजूला केला. मोठे मोठे, वेडेवाकडे टाके. डाव्या बाजूला गळा ओढला गेला होता, बाही फुगली होती. उजवा खांदा मात्र सरळ उभा. तिने त्यावर हात ठेवला. "हाऊ खांदा तिना. बाकी बठ्ठं मन्हं."

"छान झालंय," मी म्हटलं. ती लाजली.

सकाळी मी लवकर उठले. सणाचं घर म्हणून झाडायला घेतलं. दाजी घर स्वच्छ ठेवतात. भांडी जागच्या जागी, चादरीला सुरकुती नाही. बाहेरच्या खोलीत आले. मशीन कुणाला तरी दिलं होतं, त्याची जागा रिकामी होती. खिडकीखाली, भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, दोऱ्यांचे तुकडे पडलेले होते. लाल, पिवळे, मोरपंखी, काळे, एकमेकांत गुंतलेले, वर धूळ बसलेली. चिमूटभर कापडाच्या कतरणी. एक वाकलेला हुक. मी झाडू तिकडे वळवला.

दाजी दारात उभे होते. हातात पाण्याने भरायची कोरी घागर.

"तठलं ऱ्हाऊ दे, सुमन," ते म्हणाले. "तेवढं मी झाडत नही."

मी झाडू भिंतीला टेकवला. त्यांच्या हातातून घागर घेतली आणि नळावर भरायला गेले.